भावे प्रयोग

रेशनकार्डाला फॉर्म लागतो, गॅसच्या शेगडीला फॉर्म लागतो, पोराला बालवाडीत घालायचं तर बापाचं उत्पन्न आणि आईचं शिक्षण विचारणारा चार पानी फॉर्म लागतो. कुत्र्याचं पिल्लू घरी आणायला मात्र नुसती पिशवी पुरते. या कामाला कुणी रीतसर फॉर्म काढलाच, तर त्यात शेवटी एक रकाना जरूर असावा : ‘सदर प्राण्याच्या शेवटाची जबाबदारी कोण घेणार? नाव व सही.’ तो रकाना वाचून निम्मे अर्जदार घरी परत जातील आणि तुळस लावतील.

आमच्या घरी हा रकाना पंधरा वर्षांनी उघडला. वाघ्या जातीने गावठी. एक कान कायम ड्यूटीवर, दुसरा कायम रजेवर. चंद्रपुरात राहून कुत्र्याचं नाव वाघ्या ठेवणं हे जरा धारिष्ट्यच आहे, कारण इथे खऱ्या वाघांना नावं असतात आणि ती वर्तमानपत्रात फोटोसह छापून येतात. वाघ्याने नावाचा तेवढा आब कधी राखला नाही. पोस्टमनवर भुंकायचा आणि फटाक्यांना घाबरून माझ्या पलंगाखाली शिरायचा. दोन्ही बाबतीत तो घरातल्या कर्त्या पुरुषावर गेला आहे, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत होतं.

पंधराव्या वर्षी त्याचे मागचे पाय गेले. डोळ्यांत मोतीबिंदू होताच. मग मूत्रपिंडांनी राजीनामा दिला. मे महिन्यात आमच्याकडे पारा शेहेचाळीस-सत्तेचाळीसला टेकतो तेव्हा धडधाकट माणूससुद्धा कूलरपुढे ओल्या फडक्यासारखा पडून असतो. वाघ्या तिथेच पडलेला असायचा. फरक एवढाच, की त्याला कूस बदलायलाही दोन माणसं लागायची आणि ती हात लावायला आली की तो कण्हायचा. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले, सलाइन झालं, औषधं झाली. शेवटी ते चपला घालता घालता म्हणाले, ‘‘यातून मागे फिरणं नाही. म्हणाल तर झोपवून टाकू. घरीच येईन मी.’’

‘झोपवून टाकू’ हे शब्द ऐकले आणि मला शाळेतलं व्याकरण आठवलं. मरणाच्या बाबतीत मराठी भाषा फार सोयीची आहे. ‘वाघ्या गेला’ म्हटलं की झाला कर्तरी प्रयोग. सगळं कर्तृत्व वाघ्याचं, आपण नुसते निरोप द्यायला उभे. ‘वाघ्याला झोपवण्यात आलं’ म्हटलं की सरकारी पत्राचा थाट. ‘कळविण्यात येते की’ या मजकुरात कळवणारा कोण, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. ‘वाघ्या सुटला’ हा तर सगळ्यात मऊ प्रकार. यात तो सुटतो, आपण सुटतो, आणि आधी कोण सुटलं हे विचारायची कुणाची छाती होत नाही. सगळी गोम या शेवटच्या प्रश्नात आहे.

बातमी आळीत पसरली आणि सल्ले यायला लागले. शेजारचे काकाजी गीतेचे अभ्यासक. ते कुंपणाशी उभे राहून म्हणाले, ‘‘जो जीव आपल्याला देता येत नाही, तो घ्याचा अधिकार नाही जी आपल्याले. निसर्गाले करू द्या त्याचं काम.’’ वाघ्याने अन्न सोडलं तेव्हा त्यांनी थेट विनोबांचा दाखला दिला. पवनार आमच्यापासून काही फार लांब नाही आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांनी अन्न-औषध सोडून देह ठेवला, ही गोष्ट या भागातल्या जुन्या माणसांना कालच्यासारखी आठवते. ‘‘हे प्रायोपवेशनच समजा,’’ काकाजी म्हणाले. मला हे पटायला जड गेलं. विनोबांना आपण काय करतो आहोत हे पक्कं माहीत होतं. वाघ्याला एवढंच माहीत होतं, की दहीभाताचा वास आला तरी आता मळमळतं.

निसर्गाचा मुद्दा मात्र मी दोन रात्री उलटसुलट करून पाहिला, कारण निसर्ग या विषयात आमचा जिल्हा कमी नाही. ताडोब्यात वाघडोह नावाचा एक अजस्र वाघ होता. एके काळी सगळं जंगल त्याला वचकून असायचं. म्हातारपणी त्याला आपलं राज्य सोडून बाहेर पडावं लागलं आणि मे २०२२ मध्ये, सतराएक वर्षांचा होऊन, तो चंद्रपूरजवळ सिनाळ्याच्या जंगलात मरून पडलेला सापडला. वनखात्याने त्याला इंजेक्शन दिलं नाही की दहीभात भरवला नाही. जंगलात म्हातारपण असं असतं. पंजा ढिला पडला की शिकार गेली, शिकार गेली की भूक, आणि भुकेपाठोपाठ शेवट.

पण वाघ्या हा वाघ नव्हता, ही गोष्ट निसर्गवादी मंडळी विसरतात. निसर्गाच्या हवाली केला असता तर तो पंधरा वर्षांचा झालाच नसता. आमच्याकडे रात्री अंगणात मोकळा झोपणारा कुत्रा आणि कुंपणावरून येणारा बिबट्या यांची गाठ कधीतरी पडतेच. विद्या अत्रेय यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा त्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचाच निघाला. तेव्हा निसर्गाला त्याचं काम करू द्यायचंच होतं, तर ते वाघ्याच्या तिसऱ्या वर्षीच उरकलं असतं. पुढची बारा वर्षं आमच्या दाराची कडी, रेबीजची लस, गोचिडांची पावडर आणि हिवाळ्यातलं माझं जुनं स्वेटर यांनी त्याला मिळवून दिली. वाघ्याचं म्हातारपण हा निसर्गाचा नव्हे, आमच्या घरचा माल होता. म्हातारपण आपण द्यायचं आणि मरण द्यायची वेळ आली की निसर्गाकडे बोट दाखवायचं, हे म्हणजे हॉटेलात यथेच्छ खाऊन, बिल आलं की हात धुवायला जाणाऱ्या मित्रासारखं झालं.

एवढं ठरलं, तरी घाई कशावरून नाही, हा प्रश्न उरलाच. पुण्याहून चिरंजीवांनी मोबाइलवर एक तक्ता पाठवला. ॲलिस व्हिलालोबोस नावाच्या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी तो २००४ मध्ये तयार केला. विषय सात : वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहा गुण, एकूण सत्तर. पस्तिसाच्या वर गेला तर जनावराचं आयुष्य अजून बरं चाललं आहे असं समजायचं. पस्तीस हा आकडा वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्या पिढीचं अर्धं आयुष्य याच आकड्याच्या आसपास गेलं आहे.

मी पेपर तपासला, एकोणीस आले. सौभाग्यवतींनी तपासला, सदतीस. आनंदाला तिने आठ दिले होते. कारण विचारलं तर म्हणाली, ‘‘माझा आवाज आला की शेपूट हलवतो.’’ हलवत होता हे खरं. एकदा, अगदी जमिनीलगत, आणि तेवढ्याने त्याला धाप लागायची. चिरंजीवांनी पुण्यात बसून, उमेदवाराला न पाहता, बेचाळीस गुण दिले आणि खाली शेरा मारला, ‘दिवाळीपर्यंत थांबा, मी येतो.’ एकाच उत्तरपत्रिकेला तीन परीक्षकांचे तीन निकाल! तेव्हा ध्यानात आलं, की आम्ही वाघ्याला गुण देतच नव्हतो. मी माझ्या जागरणाला देत होतो, ती तिच्या मायेला, आणि पोरगा त्याच्या सुट्टीला.

या गुंत्याची उकल मला एका जुन्या भांडणात सापडली. १९२८ सालची गोष्ट. गांधीजी तेव्हा साबरमतीला होते. आमच्या शेजारी, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला ते पुढे १९३६ मध्ये आले. आश्रमातलं एक वासरू जायबंदी होऊन यातनेत पडलं होतं. उपचार हरले होते, त्याला कूससुद्धा बदलता येत नव्हती. आश्रमातल्या लोकांशी चर्चा झाली आणि तिथेही काकाजींच्या वळणाचे एक गृहस्थ होतेच. देता येत नाही तो जीव घेऊ नये, हेच त्यांचंही म्हणणं. शेवटी गांधीजींनी डॉक्टरांना बोलावलं, स्वतः समोर उभे राहिले आणि विषाचं इंजेक्शन देववलं. दोन मिनिटांच्या आत सगळं संपलं. मग ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’त त्यांनी हे स्वतःच छापलं आणि देशभरातून रागाच्या पत्रांचा पाऊस ओढवून घेतला. अहिंसेचा पुरस्कर्ता वासरू मारतो म्हणजे काय!

मला त्या लेखाचा उत्तरार्ध जास्त मोलाचा वाटतो. त्यात त्यांनी आश्रमाच्या पिकाची नासधूस करणाऱ्या माकडांचा विषय काढला. माकडांना मारावं लागलं तर ती हिंसाच, असा त्यांचा निवाडा. कारण तिथे भलं माकडाचं नाही, आपल्या भाजीपाल्याचं होतं. वासराच्या बाबतीत त्यांना त्या वासराखेरीज दुसऱ्या कुणाचं हित दिसलं नव्हतं.

मी एक कागद घेतला आणि दोन रकाने पाडले : वासरू आणि माकडं. माकडांच्या रकान्यात सगळं खरं खरं लिहिलं. रात्री तीनदा उठणं, फिनेल, डॉक्टरांची बिलं, दोन वर्षांत चुकलेली गावोगावची लग्नं. (यातल्या काही लग्नांबद्दल मी वाघ्याचा ऋणी आहे, ते सोडा.) मग लिहिता लिहिता दिसलं, की माकडं एकाच झाडावर नसतात. त्याला ठेवून घेण्यातही माकडं होती. संध्याकाळी गेट उघडल्यावर ओसरी रिकामी दिसेल ही भीती. पोराला दिवाळीत शेवटचं भेटायचं होतं ते. आणि सगळ्यात लठ्ठ माकड म्हणजे, निर्णयाखाली सही आपली नको, हे. मारण्यात स्वार्थ असू शकतो, हे जगाला चटकन दिसतं. न मारण्यातला स्वार्थ मात्र दयेचं उपरणं घेऊन बसलेला असतो, त्याला कुणी उठवत नाही. मी दोन्ही झाडांवरची माकडं खोडून काढली. उरलं ते एवढंच : त्याला दुखतं आहे, ते थांबणार नाही, आणि त्याला जे जे आवडायचं त्यातलं काही आता त्याला करता येत नाही.

माणसाची गोष्ट कुत्र्याच्या गोष्टीशेजारी ठेवू नये, हे मला कळतं. तरी त्या दिवसांत मला अरुणा शानबाग यांचा निकाल आठवत राहिला. १९७३ च्या हल्ल्यानंतर त्या मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात अचेत पडून होत्या. २०११ मध्ये प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा आधी ठरवावं लागलं, की त्यांच्या वतीने बोलायचं कुणी? न्यायालयाने तो मान त्यांच्याबद्दल कळकळीने लिहिणाऱ्या लेखिकेला दिला नाही. इतकी वर्षं त्यांना भरवणाऱ्या, पुसणाऱ्या रुग्णालयाच्या लोकांना दिला. त्यांनी अरुणाताईंना जगवायचं ठरवलं, आणि २०१५ मध्ये त्या गेल्या तोवर सांभाळलं. निर्णय पटो न पटो, बोलायचा अधिकार कुठून येतो, हे त्यात लख्ख दिसतं. तो भरवणाऱ्या हाताकडे असतो.

आणि आमच्या घरी भरवणारा हात माझा नव्हता. मी रकाने पाडत होतो तेव्हा सौभाग्यवती कापसाच्या बोळ्याने वाघ्याच्या तोंडात पाणी पिळत होती. मी कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचला नाही. त्या सकाळी तिने हाक मारली तेव्हा शेपूट हललं नव्हतं. ती म्हणाली, ‘‘उद्या बोलवा डॉक्टरांना. ऊन चढायच्या आत.’’

सकाळी सात वाजता डॉक्टर आले. कूलरपुढच्या त्याच्याच सतरंजीवर, हिचा हात त्याच्या रजेवरच्या कानावर. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग शिरेतून भुलीचा मोठा डोस. ‘डोळे उघडेच राहतील, घाबरू नका,’ असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. श्वास थांबला, मग हृदय. पोराला फोनवर सगळं ऐकू येत होतं. तो एक अक्षर बोलला नाही. डॉक्टरांनी जाताना बजावलं, की खड्डा चांगला खोल घ्या. हे औषध अंगात राहतं, एखाद्या कोल्ह्याने उकरून खाल्लं तर तोही मरेल. मागच्या अंगणात कडुनिंबाखाली गडी लावून छातीएवढा खड्डा घेतला.

माती ओढून होईतो काकाजी कुंपणाशी आले. हळूच म्हणाले, ‘‘वाघ्या गेला म्हणते?’’

‘‘गेला नाही, काकाजी. आम्ही त्याला मारलं. इंजेक्शन देऊन.’’

व्याकरणाने पाहिलं तर हा भावे प्रयोग. शाळेच्या पुस्तकात ‘रामाने रावणास मारले’ हे उदाहरण असायचं, तोच. पण यात कर्ता वाक्याच्या सुरुवातीलाच उभा होता, हातातली कुदळ न लपवता.

काकाजी बराच वेळ ओल्या मातीकडे पाहत राहिले. गीतेतलं काही काढतील असं मला वाटलं. मग म्हणाले, ‘‘चला जी, दोघंही चला. चहा मांडला आहे घरी.’’