विस्मरण आणि प्रमाद

मनुष्य एखादी गोष्ट विसरतो म्हणजे ती त्याच्या मनांतून समूळ नाहींशी होते असें क्वचितच घडतें. बहुधा तिचा कांहीं भाग पुसला जातो व कांहीं उरतो. लग्नघरीं भेटलेल्या गृहस्थाचें आडनांव आठवत नाहीं. पण तें 'ग' नें सुरू होत होतें आणि शेवटीं 'कर' होतें, एवढें मात्र ठाम आठवतें. अशा वेळीं घरांतील वडील माणसें धांवून येतात. 'गाडेकर का? गोवेकर? कीं गोरेगांवकर?' आणि तिसरें नांव कानीं पडतांच आपण म्हणतों, 'हां, तेच!' जें नांव क्षणापूर्वीं आपल्याला उच्चारतां येत नव्हतें, तें ओळखण्यास आपणांस क्षणाचाहि विलंब लागत नाहीं.

संगणकाशीं असा घरगुती व्यवहार पुष्कळ वर्षें करतां येत नव्हता. ज्यांचें काम कमांड लाइनवर चालतें, म्हणजे चित्रें व बटणें सोडून काळ्या पडद्यावर आज्ञा लिहून जे संगणकाकडून काम करून घेतात, त्यांस फाइलीचें नांव बहुधा अचूक ठाऊक असावें लागे. आरंभींचीं चार अक्षरें आठवत असलीं तर टॅबची कळ दाबून उरलेलें नांव पुरें करून घेतां येई. पण मधलें किंवा शेवटलें आठवत असेल तर टॅबच्या कळेपुढें त्या आठवणीला किंमत नव्हती. 'अशी फाइल नाहीं' असें कोरडें उत्तर येई.

ही उणीव ज्या साधनांनीं भरून काढली त्यांस फझी फाइंडर म्हणतात. गॅरी बर्नहार्ट ह्यांचें 'सिलेक्टा' आणि जुनगुन चोई ह्यांचें 'एफ-झेड-एफ' हीं दोन्ही 2013 सालचीं. जॉन हॉथॉर्न ह्यांचें 'एफ-झेड-वाय' त्यांच्या मागून लवकरच आलें. तिघांची मूळ रीत एकच आहे. तुम्ही कांहीं अक्षरें लिहावींत. तीं अक्षरें त्याच क्रमानें, मध्यें कितीहि अंतर पडो, ज्या ज्या नांवांत सांपडतात तीं नांवें साधन पुढें मांडतें. 'वहश' एवढेंच लिहिलें तरी 'वार्षिक-हिशेब' वर येतो. प्रत्येक अक्षरागणिक यादी आंखडत जाते, आणि आपलें नांव दिसतांच आपण त्याजवर बोट ठेवतों.

ह्यांत एक जुनें तात्त्विक कोडें नकळत सुटलेलें दिसतें. प्लेटोच्या 'मेनो' नामक संवादांत असा पेंच घातला आहे कीं, जें ठाऊक आहे तें शोधण्याचें कारण नाहीं, आणि जें ठाऊक नाहीं तें समोर आलें तरी हेंच तें असें कळणार कसें? आमच्या नैयायिकांनीं स्मृति व प्रत्यभिज्ञा असा जो भेद केला आहे, तो येथें उपयोगी पडतो. स्मृति केवळ पूर्वसंस्कारांतून उपजते. प्रत्यभिज्ञेला संस्काराच्या जोडीस वस्तु प्रत्यक्ष डोळ्यांपुढें असावी लागते. पूर्वीं पाहिलेला देवदत्त आज समोर उभा राहिला म्हणजे 'हाच तो' असें जें ज्ञान होतें, तें प्रत्यभिज्ञा. संगणक आजवर आमच्याकडून स्मृति मागत होता. नवीं साधनें प्रत्यभिज्ञेवर संतुष्ट होतात. दुबळ्या मनुष्यस्वभावाला दिलेली ही सवलत मला मोलाची वाटते.

परंतु पुढें मांडणें म्हणजे क्रम लावणें आलें, आणि क्रम लावणें म्हणजे मनुष्याच्या मनांत काय असावें ह्याविषयीं मत बाळगणें आलें. येथें हीं साधनें एकमेकांपासून वेगळीं होतात. 'सिलेक्टा' चें मत साधें आहे: लिहिलेलीं सारीं अक्षरें ज्या नांवांत सर्वांत कमी जागेंत सामावतात तें श्रेष्ठ. 'एफ-झेड-एफ' चा हिशेब अधिक बारकाईचा. जुळलेल्या प्रत्येक अक्षरास तो 16 गुण देतो; तें अक्षर शब्दाच्या आरंभीं आढळल्यास आणखी निम्मे तरी देतो; मध्यें खंड पडल्यास आरंभीं 3 व पुढें वाढत्या प्रत्येक अक्षराबद्दल 1 गुण कापतो; आणि गुण सारखे झाल्यास आंखूड नांवाला वर बसवतो. ह्या हिशेबाच्या मुळाशीं स्मिथ व वॉटरमन ह्यांनीं 1981 सालीं जैव रेणूंच्या साखळ्या ताडून पाहण्यासाठीं काढलेली रीत आहे, ही मौजेची गोष्ट. प्राण्यांचें आप्तपण शोधण्याची युक्ति आमच्या हरवलेल्या फाइलींच्या कामीं आली! त्याच साधनांत दुसरी एक रीत ठेवलेली आहे. ती जुळणी सर्वांत चांगली असल्याची खात्री न करतां हातीं आली ती घेते आणि म्हणून अधिक जलद चालते. पण न मागतां मिळते ती सावकाशीची, नीट पारखणारी. 'एफ-झेड-वाय' चा तर अभिमान हा कीं, पहिल्या स्थानीं योग्य नांव यावें. ह्या बाबतींत मी त्याच्या बाजूचा आहें. कारण मनुष्य यादी वाचतो असें म्हणतो खरा, पण पहिलें नांव वाचून थांबतो.

आतां ज्या गोष्टीसाठीं मीं हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळतों. ह्या साधनांस 'फझी' म्हणजे अंधुक म्हणतात, त्यामुळें तीं आपली प्रत्येक चूक पोटांत घालतात असा समज होतो. तो खरा नव्हे. तीं विस्मरणाला क्षमा करतात, प्रमादाला करीत नाहींत. गाळलेलीं अक्षरें चालतात. चुकीचें अक्षर, अथवा अक्षरांची उलटापालट, चालत नाहीं. मराठी नांवांत हा भेद फार स्पष्ट दिसतो. कारण संगणकाच्या लेखीं आमच्या काना, मात्रा, वेलांट्या व हलन्ताचें चिन्ह हीं स्वतंत्र अक्षरेंच आहेत. 'कीर्तन-सूची' ही फाइल हवी असतां 'करतन' असें ओबडधोबड लिहिलें तरी ती मिळते. पण 'किर्तन' असें लिहिलें, एवढी एक वेलांटी ह्रस्व काढली, कीं फाइल अदृश्य होते! लॅटिन अक्षरांवरील स्वरचिन्हांचा भेद 'एफ-झेड-एफ' आपण होऊन दृष्टीआड करतो. ह्रस्व-दीर्घाला ती सवलत नाहीं. आमचे मोडी लिहिणारे कारकून इकार-उकारांचा हा भेद बहुधा पाळीतच नसत, आणि तरी त्यांचे कागद वाचले जात. त्यांना हें साधन फार कडक वाटलें असतें.

प्रमादालाहि क्षमा करणारीं साधनें नाहींत असें नाहीं. सन वू व उदी मँबर ह्यांनीं 1991 सालीं केलेलें 'ए-ग्रेप' चुकलेलीं, वाढलेलीं व गळालेलीं अक्षरें चालवून घेतें. किती चुका चालवावयाच्या तें मात्र मागणारानें आंकड्यांत सांगावें लागतें. मग अधिक उदार तें साधन अधिक चांगलें कां म्हणूं नये? मला वाटतें, गाळलेल्या अक्षरांच्या जागीं साधन जें भरतें तें मीं न बोललेलें असतें. चुकलेल्या अक्षराच्या जागीं तें जें घालतें तें मीं बोललेल्याच्या विरुद्ध असतें. पहिल्यांत तें माझें वाक्य पुरें करतें, दुसऱ्यांत माझें वाक्य खोडतें. खोडण्याचा अधिकार कोणास द्यावयाचा असेल तर तो मागून, मोजून द्यावा, जसा 'ए-ग्रेप' घेतें. आपण होऊन जो आपलें बोलणें सुधारतो, त्याच्या हातीं हळूहळू आपलें बोलणेंच जातें.

आणखी एका जातीचीं साधनें आहेत. त्यांतलें 'झॉक्साइड' मी नित्य वापरतों. एका फोल्डरमधून दुसऱ्यांत जाण्यासाठीं तें आहे. तें केवळ अक्षरें पाहत नाहीं, माझ्या संवयी पाहतें. मी कोठें किती वेळां गेलों ह्याचे गुण तें मांडून ठेवतें. गेल्या तासांत गेलों असल्यास ते चौपट धरतें, दिवसांत दुप्पट, आठवड्यांत निम्मे, त्याहून जुनें असल्यास चतुर्थांश. सर्व गुणांची बेरीज सामान्यतः 10,000 च्या वर गेली कीं सगळ्यांचे गुण घटवतें, आणि ज्याचा एक गुणहि उरला नाहीं त्याचें नांव वहींतून काढून टाकतें. शिवाय निराळें सांगितल्यावांचून तें यादी दाखवीत नाहीं. नांवाचा तुकडा लिहिला कीं सर्वाधिक गुणांच्या जागीं नेऊन सोडतें. 'एफ-झेड-एफ' ला मी कोण हें ठाऊक नसतें. तो प्रत्येक वेळीं दहा वस्तु पुढें ठेवून 'ह्यांतली कोणती?' असें विचारणारा नवखा नोकर आहे. 'झॉक्साइड' हा जुना गडी. मालकानें हांक मारतांच रोजचें ताट आणून ठेवणारा. जुना गडी कोणाला नको असतो! पण जेथें मी जातों तेथेंच तो मला नेतो, आणि जेथें नेतो तेथें मी अधिक जातों. मी काल जो होतों त्याचीच तो सेवा करतो.

ह्याचा मला एकदां चटका बसला. आजोबांचीं पत्रें मी अनेक पावसाळे नकलून काढीत होतों. मूळ कागदांपैकीं पुष्कळांस वाळवी लागली होती. तें काम 'संग्रह' नांवाच्या फोल्डरमध्यें 'पत्रें' ह्या पोटफोल्डरांत होतें. 'संग्रह-नक्कल' मध्यें त्याचीच एक जुनी प्रत होती. ती प्रत काढून टाकावी म्हणून मीं 'झॉक्साइड' ला 'संग्रह' एवढेंच सांगितलें. मला नकलेकडे जावयाचें होतें. त्यानें मला रोजच्या जागीं नेलें. मग मीं 'एफ-झेड-एफ' च्या साह्यानें मागील आज्ञांच्या यादींतून 'पत्रें' पुसून टाकण्याची आज्ञा वर काढली. अशी प्रत मीं पूर्वींहि एकदां पुसली होती. येथें ह्या साधनाचा एक गुण सांगितला पाहिजे: तें जुनी आज्ञा शोधून देतें, पण अंमलांत आणीत नाहीं. ती ओळ पडद्यावर तशीच थांबते. शेवटची कळ मनुष्यानें दाबावयाची असते. आपण कोठें उभे आहों तें त्याच ओळीच्या आरंभीं लिहिलेलें होतें. मीं तें वाचलें नाहीं. कळ दाबली. नकलेंत जें होतें तें वांचलें. त्यानंतरच्या आठ महिन्यांचें काम, तेवीस पत्रें, गेलीं.

माझे एक वयोवृद्ध स्नेही म्हणाले, 'ज्याचें कपाट नीट लावलेलें असतें त्याला शोधक लागत नाहीं.' ह्यांत तथ्य आहे; दोन जागांना इतकीं सारखीं नांवें देणें हा माझाच आळस. पण सारें जग नीट लावून मगच जगावयाचें असा नियम केला तर स्नेह्यांच्या स्वतःच्या माळ्यावर काय आहे तें मी पाहिलें आहे! दोष मी साधनांसहि देऊं शकत नाहीं. एकानें विचारलें नाहीं, पण विचारूं नकोस असें मींच त्याला ठेवलें होतें. दुसऱ्यानें थांबून विचारलें, आणि मीं ऐकलें नाहीं. पहिलें विस्मरण होतें असें कदाचित् म्हणतां येईल. दुसऱ्याला काय म्हणावें?

तेव्हांपासून मी 'झॉक्साइड' ला यादी दाखवावयास सांगतों. तशी सोय त्यांत आहे, आणि ती यादी मांडण्यास तें 'एफ-झेड-एफ' लाच बोलावतें. अक्षरभर अधिक लिहावें लागतें इतकेंच. आणि कधीं कधीं रात्रीं, त्या तेवीस पत्रांपैकीं एखाद्याचें नांव मी पुरें, वेलांट्यांसकट लिहून पाहतों. शोधकाच्या कोपऱ्यांत एकूण फाइली किती व त्यांत जुळल्या किती हे दोन आंकडे नेहमीं दिसत असतात. पहिल्या दोन-तीन अक्षरांपर्यंत पुष्कळ नांवें जुळत राहतात. मग अर्ध्यावर पोंचण्यापूर्वींच तो आंकडा 0 होतो.