शंकासमाधान : आठवणींची वहिवाट

पितृपंधरवडा जवळ आला, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी उपासाला काय चालतं, सुतक किती दिवसांचं, असं विचारणारे वाचक भाद्रपदात आपल्या आईवडिलांविषयी लिहू लागतात. या वेळी आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. नावं अर्थातच गाळली आहेत.

शंका १. मी एकुलती एक मुलगी. वडील आधी गेले, आईला जाऊन दोन वर्षं झाली. श्राद्ध गावाकडे चुलतभाऊ करतो, मी पैसे पाठवते. यंदा मला स्वतःच्या हाताने करायचं आहे. गुरुजी म्हणतात, मुलीने केलेलं पोचत नाही. काय करावं? (एक भगिनी, सातारा)

समाधान : आईवडील तुमचे आहेत, श्राद्ध तुम्ही करा. श्राद्धाचा अधिकार कुणाला, याच्या याद्या धर्मग्रंथांत आहेत. त्यांत पहिलं नाव मुलाचं असलं तरी यादी तिथे संपत नाही. मुलगा नसेल तर पत्नी, कन्या, कन्येचा मुलगा यांचीही नावं येतात. क्रमाबद्दल ग्रंथाग्रंथांत मतभेद आहेत, एवढंच. श्राद्धात पवित्र मानलेल्या तीन गोष्टी मनुस्मृतीने सांगितल्या आहेत : दौहित्र, कुतप आणि तीळ. कुतप म्हणजे दिवसाच्या पंधरा मुहूर्तांपैकी आठवा. सूर्य सहाला उगवून सहाला मावळत असेल, तर ११.३६ ते १२.२४ ही ती वेळ. आणि दौहित्र म्हणजे मुलीचा मुलगा. नातवाला हा मान आईच्या नात्याने मिळतो. मग ती आईच श्राद्धाला परकी कशी ठरेल? पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने स्त्रियांनाही पौरोहित्य शिकवलं आहे, त्यामुळे सांगणारं कुणी भेटणार नाही अशी चिंता नको.

पितरांना काय पोचतं, हे डोळ्यांनी पाहून आलेला कुणी नाही. पण श्राद्ध हा शब्दच श्रद्धेवरून आला आहे, आणि तुमच्या पत्रात ती ओळीओळीत आहे.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. चुलतभावाने दोन वर्षं तुमचं काम आपुलकीने केलं, त्याला जेवायला बोलवा आणि मानाने वाढा. दुसरी गोष्ट नावांची. पंधरवड्यातल्या श्राद्धात तीन पिढ्यांचा उच्चार होतो : वडील, आजोबा, पणजोबा आणि आई, आजी, पणजी. पुष्कळ घरांत पणजीच्या नावापाशी सगळे अडतात. तुमच्या आत्या किंवा थोरले काका असतील तर आजच फोन करून विचारा आणि लिहून ठेवा. एक बाई संसार करून गेली आणि चौथ्या पिढीला तिचं नावही सांगता येत नाही, हे मला कुठल्याही विधीच्या चुकीपेक्षा जास्त लागतं.

शंका २. आईला जाऊन तीन वर्षं झाली. तिचं साड्यांचं कपाट मी अजून उघडलेलं नाही. बहीण म्हणते, वाटून टाकू. बायकोला कुणी सांगितलंय की गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवले तर दोष लागतो. मला मात्र कपाट रिकामं करणं म्हणजे आईला पुन्हा एकदा पोचवून येण्यासारखं वाटतं. (एक वाचक, नागपूर)

समाधान : दोषाची भीती आधी मनातून काढा. गेलेल्या माणसाच्या निमित्ताने वस्त्र, अंथरूण, भांडी दान देण्याची आपली जुनी रीत आहे, पण ठेवलं तर दोष लागतो असा तिचा अर्थ नाही. आणि आईचा पदर अशुभ असतो, असं सांगणाऱ्याला घरात दुसऱ्यांदा बोलू देऊ नका.

पण कपाट उघडा. रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिली तर घडीवरच विरते. जरीची साडी मलमलीत गुंडाळून ठेवावी लागते आणि मधूनमधून तिची घडी बदलावी लागते. म्हणजे नुसत्या ठेवायच्या म्हटल्या तरी त्या साड्यांना हात लावायलाच हवा. तुम्ही आईचं जपताय असं समजून जे कुलूपबंद केलंय, ते आत झिजतंय.

एका रविवारी बहिणीला बोलवा, बायकोला शेजारी बसवा आणि एकेक साडी काढा. ही कुणाच्या लग्नातली, ही बाबांनी पहिल्या बोनसची आणलेली, ही नेसून ती तुमच्या निकालाच्या दिवशी शाळेत आली होती. हे बोललं जाऊ द्या. मग ठेवायच्या त्या चार ठेवा. बहिणीला आणि बायकोला त्यांच्या आवडीने निवडू द्या. आईच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम केलेल्या बाई असतील तर त्यांनाही एक द्या, पण जुनेरं नको, चांगली द्या. उरलेल्या सुती साड्यांची गोधडी शिवून घ्या.

सुती लुगडं जितकं वापरलेलं तितकं मऊ, म्हणून तर बाळाचं दुपटं नव्या कापडाचं न करता आजीच्या लुगड्याचं करायचे. माझ्या घरी आजीच्या इरकली लुगड्याची एक वाकळ आहे. ती मधोमध फाटली तेव्हा आईने ठिगळ लावलं. पुढे आईचंही ठिगळ विरलं, तेव्हा मी लावलं. आजीचा धावदोरा बारीक आणि सरळ, आईचा जरा लांब, माझा वाकडातिकडा. थंडीत ती अंगावर घेतली की तिघींचे टाके हाताला लागतात. ती वाकळ ट्रंकेत जपून ठेवली असती, तर तिच्यात फक्त आजी राहिली असती.

शेतातली पायवाट कुणी बांधत नाही, ती चालणाऱ्यांच्या पायांनी राहते. दोन पावसाळे पाय पडला नाही की गवत तिला गिळतं. आईवडिलांच्या आठवणीलाही अशी वहिवाट लागते.

शंका ३. माझे वडील ८१ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. स्मृतिभ्रंश झाला आहे. मला ते त्यांचा थोरला भाऊ समजून ‘दादा’ म्हणतात. रोज संध्याकाळी त्यांच्या आईला शोधतात. ती गेली असं सांगितलं तर लहान मुलासारखे रडतात. बाहेर गेली आहे म्हटलं तर खोटं बोलल्याचं पाप मला टोचतं. आणि मी त्यांचा मुलगा आहे हेच ज्यांना ठाऊक नाही, त्यांची सेवा ही पितृसेवा ठरते का? (एक वाचक, रत्नागिरी)

समाधान : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. ठरते. तुम्ही दोन महिन्यांचे होतात तेव्हा हे गृहस्थ आपले वडील आहेत हे तुम्हाला कुठे कळत होतं? तेव्हा नात्याचं दुसरं टोक त्यांनी एकट्याने धरलं होतं. आता त्यांच्या हातून टोक सुटलं आहे आणि धरायची पाळी तुमची आहे.

या आजारात बहुधा अलीकडचं आधी पुसलं जातं आणि जुनं जास्त काळ टिकतं. त्यामुळे तुमच्या घरात ८१ वर्षांचे वडील आहेत तसा एक दहा वर्षांचा मुलगाही आहे, आणि दिवेलागणीला त्याला आई हवी आहे. आई गेली असं तुम्ही रोज सांगता, तेव्हा ते ती बातमी रोज पहिल्यांदाच ऐकतात. रोज नव्याने पोरकं करणाऱ्या सत्याचा आग्रह धर्म धरत नाही. म्हणून खोटंही बोलू नका आणि ती बातमीही देऊ नका. त्यांनाच विचारा, ‘आई या वेळी काय करायची?’ ते सांगतील : दिवा लावायची, अंगणात पाणी शिंपडायची, परवचा म्हणायला बसवायची. मग दिवा लावा आणि त्यांच्याबरोबर परवचा म्हणा. शिक्षक होते, पाढे अजून ओठांवर असतील. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी म्हणायला लावा, तुम्ही चुका, ते दुरुस्त करतील. त्या घटकेला ते पुन्हा मास्तर होतील.

पंढरपूरची कथा आपण सगळे जाणतो. पुंडलिक आधी आईवडिलांना छळणारा मुलगा होता. पुढे तो बदलला आणि सेवेत असा गुंतला की दारी आलेल्या देवाला त्याने वीट सरकवून थांबायला सांगितलं. आईवडिलांनी त्याचं काय कौतुक केलं, हे त्या कथेत कुणी सांगत नाही. सेवेला पोच मिळण्याची अट तिथे नाही.

आणि एक व्यवहाराचं. त्यांच्या खिशात नाव आणि तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी कायम असू द्या. डॉक्टरांचा सल्ला चालू ठेवा. भावंडांना हक्काने पाळ्या लावून द्या. तुमची झोप झाली नाही तर एक दिवस तुमचा आवाज चढेल, आणि ते तुम्हाला पुढे आयुष्यभर आठवेल.

शंका ४. माझे वडील दारू प्यायचे, आईला मारायचे. गेल्या वर्षी वारले. आई म्हणते, श्राद्ध कर. लोक वडिलांच्या आठवणी सांगतात तेव्हा मी गप्प बसतो, कारण माझ्याकडे चांगली अशी एकही नाही. मनात राग ठेवून पिंड देणं ढोंग नाही का? (एक तरुण, कोल्हापूर)

समाधान : तुमच्या रागाला मी पाप म्हणणार नाही. आईला मार खाताना पाहिलेल्या मुलाला राग आला नसता, तरच काळजी वाटली असती.

कठोपनिषदातला नचिकेता आठवा. वडील यज्ञात म्हाताऱ्या, भाकड गाई दान देताना त्याने पाहिलं. मला कुणाला देणार, असं तो पुन्हा पुन्हा विचारू लागला, आणि वडील रागाने म्हणाले, मृत्यूला. यमाच्या दारात तो तीन रात्री उपाशी राहिला. यमाने तीन वर दिले. मृत्यूचं रहस्य त्याने तिसऱ्या वराने मागितलं. पहिल्या वराने मागितलं ते हे, की वडिलांचा राग निवावा आणि मी परत गेल्यावर त्यांनी मला ओळखून प्रेमाने जवळ घ्यावं. ज्याने मृत्यूच्या स्वाधीन केलं, त्याच्याकडून मुलाला पहिल्यांदा हवा होता तो मायेचा शब्द. मला वाटतं, तुमच्या रागाच्या तळाशीही हीच न मिळालेली गोष्ट आहे. तिच्याबद्दल रडावंसं वाटलं तर रडा.

आता श्राद्धाचं. त्यात वडिलांचं नाव आणि गोत्र उच्चारायचं असतं, त्यांची वागणूक चांगली होती असं कुठेही म्हणावं लागत नाही. तर्पणात तर ज्यांच्यामागे पाणी द्यायला कुणी उरलं नाही, अशांनाही आपण ओंजळ देतो. तेव्हा ओंजळभर तीळपाणी देणं म्हणजे झालेलं सगळं माफ केलं, असा अर्थ होत नाही. एवढं मनाला पटत असेल तर करा. हात उचलतच नसेल तर यंदा थांबा, त्या तिथीला एखाद्या भुकेल्याला पोटभर जेवू घाला, आणि आईजवळ बसून तिला हे का हवं आहे ते ऐका. मार तिने खाल्ला होता, तेव्हा तिच्या म्हणण्याला वजन आहे. पण खोट्या गोड आठवणी रचू नका. मुलं विचारतील तेव्हा त्यांच्या वयाला झेपेल एवढं खरं सांगा.

पितृऋण पुढच्या पिढीच्या रूपाने फिटतं, असं आपली परंपरा मानते. तुमच्या घरात कुणावर हात उठत नसेल, तर तुम्ही ते फेडायला लागलाच आहात.

शंका ५. माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. नोकरीमुळे सकाळी दोन तास आणि रात्री दोन तास एवढाच तो माझ्या वाट्याला येतो. मोबाइलमध्ये त्याचे हजारो फोटो आहेत. मग कुठेतरी वाचलं की या वयातलं मोठेपणी काहीच आठवत नाही. आम्ही सहली करतो, वाढदिवस थाटात करतो, ते सगळं वाया जातं का? त्याला आईची आठवण म्हणून काय राहील? (एक आई, पुणे)

समाधान : वाचलंत ते बरोबर आहे. तिसऱ्या वर्षाआधीचं बहुतेकांना मोठेपणी सांगता येत नाही. पण सांगता येत नाही म्हणून ते गेलं असं होत नाही. कुणी डोक्यावरून हात फिरवला की डोळे आपोआप मिटतात, ती सवय कुठून आली हे आपल्याला कुठे सांगता येतं?

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत मायबापावरच्या ओव्या भरपूर आहेत. त्या गाणाऱ्या बायकांकडे फोटो नव्हते, सहली नव्हत्या. पहाटे जात्याच्या घरघरीत आईच्या मांडीवर डोकं ठेवून जे कानावर पडलं, ते त्यांनी पुढे स्वतःच्या जात्यावर म्हटलं. तीच गोष्ट, त्याच वेळी, त्याच आवाजात रोज घडली, म्हणून ती टिकली.

तेव्हा वेळ कमी आहे याचं ओझं घेऊ नका. रात्रीच्या दोन तासांतली अर्धी घटका फक्त त्याची ठेवा, रोज तीच. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून वरणभात कालवा आणि एक घास चिऊचा, एक घास काऊचा करत भरवा. वर्षअखेरीला हजारो फोटोंतले बारा निवडून छापून घ्या. प्रत्येकाच्या मागे तारीख, सोबत कोण होतं आणि तो त्या दिवशी काय बोलला, हे तुमच्या अक्षरात लिहा. पुढे त्याला फोटोइतकंच ते अक्षर लागेल. आणि त्याला त्याच्या पणजीचं नाव शिकवा. या वयात ते पाठ होतं.

हे भरवणं त्याला आठवणार नाही. पण कधीतरी तुमचा हात थरथरेल, ताटातला भात कालवता येणार नाही, तेव्हा तो समोर बसेल आणि कुणी न शिकवता नेमका तुमच्यासारखा लहान घास करेल.