जीर्णोद्धार आणि सत्य

जुनी वस्तु ज्या स्थितींत आपल्या हातीं आली त्याच स्थितींत ती जपावी, कीं ती मूळची जशी असावी तशी पुन्हा उभी करावी? हा प्रश्न वरवर पाहतां स्थापत्यशास्त्राचा वाटतो. माझीहि समजूत तशीच होती. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं दक्षिण फ्रान्समधील कार्कासॉन शहराच्या जुन्या तटबंदींत दोन दिवस हिंडण्याचा योग आला, आणि तेव्हांपासून हा प्रश्न मला नीतिशास्त्राचा वाटूं लागला आहे.

खालच्या शहरांतून ओद नदीवरील जुन्या दगडी पुलावर आलें कीं समोरच्या टेकडीवर तें दुर्गनगर एकदम दृष्टीस पडतें. एकांत एक असे दोन तट, त्यांची मिळून सुमारें तीन किलोमीटर लांबी, बावन्न बुरूज, आणि बुरुजांवर निमुळतीं होत गेलेलीं टोकदार छपरें! मावळतीच्या उन्हांत तें दृश्य पाहतांना वाटतें, कीं गेलीं सातशें वर्षें काळ या टेकडीकडे फिरकलाच नाहीं. पण ज्या दृश्यानें आपण मोहित होतों, तें सातशें वर्षांचें नसून फार तर दीडशें वर्षांचें आहे, हें थोड्याच वेळांत कळून येतें. आणि मग आपण फसलों कीं काय, अशी एक चुटपुट मनाला लागून राहते.

नगर मात्र खरोखरच प्राचीन आहे. आंतल्या तटाच्या पायथ्याशीं रोमन काळांतील चिरे व विटांचे थर आजहि दिसतात. 1209 सालीं कॅथर पंथीयांच्या उच्छेदासाठीं उत्तरेकडून आलेल्या धर्मयोद्ध्यांनीं या नगरास वेढा दिला. येथील तरुण सरदार रेमों-रोजे त्रांकाव्हेल हा बोलणीं करण्यास गेला असतां कैद झाला आणि त्याच वर्षीं कारागृहांत मरण पावला. नागरिकांना अंगावरच्या वस्त्रानिशीं घराबाहेर काढण्यांत आलें. पुढें नगर फ्रान्सच्या राजाकडे गेलें. त्यानें बाहेरचा तट बांधविला व सरहद्दीवरचें एक प्रमुख ठाणें म्हणून त्याला महत्त्व आलें. 1659 च्या तहानें सरहद्द दक्षिणेकडे पिरेनीज पर्वतापर्यंत सरकली. ज्या शत्रूसाठीं तट होता तो शत्रूच दूर गेला, आणि तटाचें प्रयोजन संपलें.

यानंतरचा काळ इतिहासाच्या पुस्तकांत दोन ओळींत आटोपतो. श्रीमंत मंडळी खालच्या शहरांत व्यापार करीत होती. वर टेकडीवर गरीब राहिले. दोन तटांमधल्या मोकळ्या पट्ट्यांत विणकरांनीं व मजुरांनीं तटाच्याच भिंतीला पाठ लावून घरें बांधलीं. लोक बुरुजांचे चिरे काढून नेऊं लागले. 1850 च्या सुमारास तर सरकारनें हा किल्ला लष्करी यादींतून वगळून तट पाडूं देण्याचें घाटलें. तेव्हां क्रो-मेरव्हिएय हा स्थानिक इतिहासाभ्यासक आणि प्राचीन वास्तूंचा सरकारी निरीक्षक असलेला कथालेखक प्रॉस्पेर मेरिमे यांनीं विरोधाची हांक दिली. तट वांचला. व्हियोले-ल-द्युक या स्थापत्यविशारदाकडे येथील चर्चचें काम आधींच होतें. 1853 पासून तटबंदीचेंहि काम त्यानें हातीं घेतलें, आणि 1879 त त्याच्या मृत्यूनंतरहि तें चालूच राहिलें.

व्हियोले-ल-द्युकवर मुख्य आक्षेप आहे तो छपरांचा. दक्षिणेंत कौलांचीं, कमी उताराचीं छपरें असतात. यानें मात्र उत्तरेकडच्या पद्धतीचीं, काळ्या पाटीच्या दगडाचीं टोकदार छपरें चढविलीं. उत्तरेच्या राजाचे कारागीर येथें आले होते, म्हणून तींहि असूं शकतील, असें त्याच्या बाजूचे लोक म्हणतात. पण खरा वाद छपरांचा नव्हे, तत्त्वाचा आहे. वास्तूला एक पूर्ण रूप द्यावें, मग तसें रूप प्रत्यक्षांत कधीं एकाच वेळीं अस्तित्वांत नसलें तरी चालेल, अशी त्याची उघड भूमिका होती. याउलट रस्किननें 1849 सालच्या आपल्या ग्रंथांत असल्या पुनर्रचनेला असत्य ठरविलें होतें. कॉलेजांत असल्यापासून मी रस्किनच्या बाजूचा! परंतु त्या तटावर उभें राहिल्यावर माझी निष्ठा डळमळली. रस्किनचें ऐकलें असतें तर चिरे हळूहळू घरोघर गेले असते, आणि सत्य शुद्ध राहिलें असतें तरी तें पाहण्यास टेकडीवर कांहींच उरलें नसतें.

आपल्याकडे 'जीर्णोद्धार' हा शब्द पुण्यकृत्याचा वाचक आहे. अहिल्याबाईंनीं 1780 सालीं काशीस विश्वेश्वराचें मंदिर बांधविलें, तेव्हां हे दगड प्राचीन आहेत असा दावा कोणीं केला नाहीं, आणि भक्तांनींहि तो मागितला नाहीं. जेथें पूजा चालू आहे तेथें वास्तु नवी झाली तरी परंपरा तुटत नाहीं. म्हणजे दोष नवें बांधण्यांत नाहीं. नव्याला जुनें म्हणून पुढें करण्यांत आहे. आणि तो दोषहि मला व्हियोले-ल-द्युकच्या माथीं मारतां येत नाहीं. त्यानें काय केलें हें त्यानें लपविलें नाहीं. न विचारतां मोहून जाणारे आपणच असतों.

पण त्या कामाची एक किंमत होती, व ती त्यानें चुकविली नाहीं. दोन तटांमधलीं विणकरांचीं घरें पाडण्यांत आलीं. तेथें आज स्वच्छ हिरवळ आहे; मुलें लाकडी तरवारी घेऊन तिच्यावर धांवतात. वास्तविक तीं घरेंहि त्या नगराच्या इतिहासाचाच भाग होतीं. जेव्हां राजांनीं व सेनापतींनीं या जागेकडे पाठ फिरविली, तेव्हां चूल पेटती ठेवली ती त्याच लोकांनीं. परंतु तीं घरें कुरूप होतीं, आणि ज्या शतकाचा गौरव करावयाचा होता त्या शतकांतलीं नव्हतीं. कोणता काळ खरा व कोणता उपरा, हें ठरविण्याचा अधिकार जीर्णोद्धार करणारा न मागतांच आपल्या हातीं घेतो.

त्या हिरवळीवर उभा असतांना मला माझ्याच एका कृत्याची आठवण झाली. वडील वारल्यावर मीं त्यांचें छोटेंसें चरित्र लिहून आप्तेष्टांत वांटलें होतें. त्यांची शिस्त, त्यांचा व्यासंग, विद्यार्थ्यांवरील त्यांचें प्रेम, हें सारें त्यांत आलें होतें, आणि तें खोटें नव्हतें. परंतु वाटणीवरून धाकट्या भावाशीं धरलेला त्यांचा अबोला, आणि तरीहि त्यांच्या अखेरच्या आजारांत त्याच भावानें काढलेल्या रात्री, हीं पानें मीं गाळलीं होतीं. चित्र रेखीव व्हावें, एवढाच माझा हेतु. काकूंनीं पुस्तक वाचून परत दिलें तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, "छान लिहिलंस रे. पण आमचं घर कांहीं त्यांत दिसलं नाहीं." त्या वेळीं मला तें बोलणें मानापमानाचें वाटलें. कार्कासॉनला त्याचा अर्थ कळला. मीं माझ्या वडिलांवर टोकदार छपरें चढविलीं होतीं, आणि तटाला टेकलेलीं घरें पाडलीं होतीं.

मग जीर्णोद्धार करूंच नये काय? तसें मला वाटत नाहीं. मृतांविषयीं आपण जें जें सांगतों तें सर्व एका अर्थीं जीर्णोद्धारच असतें; पडझडीला हात न लावणें म्हणजे विसरून जाणें होय. कार्कासॉनच्या मुख्य दरवाजाजवळ एका स्त्रीचा अर्धपुतळा आहे. या कार्कास बाईनें शार्लमेनच्या वेढ्यांत गहूं खाऊं घातलेलें डुकर तटावरून खालीं फेंकून शत्रूस फसविलें, अशी दंतकथा आहे. इतिहासाचा तिला आधार नाहीं. दारावरचा पुतळा नवा आहे. झिजून गेलेला मूळ पुतळा आंत किल्ल्यांत जपून ठेवला आहे. ही व्यवस्था मला फार प्रामाणिक वाटली. दारावर हवी तर पूर्ण मूर्ति उभी करा; परंतु झिजलेला चेहरा फेंकून देऊं नका, आणि विचारील त्याला तो दाखवा. विसाव्या शतकांत येथील कांहीं रोमनकालीन बुरुजांवरचीं टोकदार छपरें काढून तेथें पुन्हा कौलें घालण्यांत आलीं. छप्पर बदलतां आलें. विणकरांचीं घरें मात्र परत आणतां आलीं नाहींत. जें दुरुस्त करतां येईल तेवढ्यापुरतेंच धाडस करावें, आणि जें कायमचें पुसलें जाईल त्याला हात लावण्यापूर्वीं तेथें कोण राहत होतें हें विचारावें, एवढाच बोध मीं तेथून घेतला.

दुसरी आवृत्ति काढावी इतकें तें चरित्र मोठें नाहीं. घरीं परतल्यावर मीं चार पानें नवीन लिहून छापून घेतलीं, आणि उरलेल्या प्रतींना शेवटीं जोडलीं. त्यांतील पहिली प्रत काकूंच्या घरीं स्वतः नेऊन दिली.