नावे कोणी कोणास ठेवावीत?

देवळातील आरती आटोपून पायऱ्या उतरताना "या हो एकदा घरी" असे म्हणण्याची रीत आम्हा बालाघाटच्या मराठी माणसांत आहे. हे वाक्य आम्ही आजवर शेकडो वेळा उच्चारले असेल. आमच्या परिचयातील एका कुटुंबातल्या एकवीस वर्षांच्या मुलाने मात्र ते खरे मानले. दुसऱ्याच दिवशी दुपारी दोन वाजता तो आमच्या दारात उभा राहिला. आम्ही झोपेतून उठलो होतो. "आता कसा काय आलास?" असा प्रश्न आमच्या तोंडून निघून गेला. तो म्हणाला, "काका, तुम्हीच बोलावले होते," आणि परत गेला. पुढे त्याच्या आईकडून कळले, की घरी जाऊन त्याने एवढेच सांगितले : साधारण माणसे खोटे बोलतात.

हा मुलगा स्वमग्न आहे. स्वमग्न व्यक्तींनी स्वतःविषयी इंग्रजीत लिहिलेले बरेच काही तो वाचतो आणि 'साधारण माणसे' हा त्याचा शब्द त्याच वाचनातून आलेला आहे. त्या शब्दाने आम्हांस राग आला, हे कबूल केले पाहिजे. मागाहून वाटले, की रागाचे कारण तपासून पाहावे.

ऑटिझम ही संज्ञा स्विस मनोवैद्य ब्लॉयलर यांनी 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून बनविली. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करून तिला आजचा अर्थ दिला. मराठीने तिचे 'स्वमग्नता' केले. शब्द सुंदर आहे. पण त्यात एक निवाडा दडलेला आहे. आरतीच्या वेळी झांजा आणि नगारा सुरू झाला, की हा मुलगा कानांत बोटे घालून बाहेर वडाखाली जाऊन उभा राहतो. 'आपल्याच तंद्रीत असतो' असे लोक म्हणतात. वस्तुतः तो नगारा आपल्यापेक्षा अधिक ऐकत असतो! आणि आपल्याला, म्हणजे उरलेल्यांना, मराठीत नावच नाही. जो नावे ठेवतो त्याला स्वतःला नावाची गरज भासत नाही.

ती उणीव स्वमग्नांनीच भरून काढली. १९९२ साली अमेरिकेत स्वमग्न व्यक्तींनी स्वतः चालविलेली 'ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल' ही संस्था सुरू झाली, आणि त्याच दशकात अशा वर्तुळांतून 'न्यूरोटिपिकल' हा शब्द रूढ झाला. १९९८ साली तर एका स्वमग्न व्यक्तीने या 'साधारण' लोकांचा अभ्यास करणारी एक खोटी संस्था थट्टेने निर्माण केली. चारचौघांच्या मताची अखंड चिंता, श्रेष्ठत्वाचा भ्रम आणि सर्वांसारखे वागण्याचा हव्यास ही तिने या विकाराची लक्षणे सांगितली. पुढे 'इतर' या अर्थाच्या ग्रीक धातूवरून 'अ‍ॅलिस्टिक' असाही शब्द आला. मराठीत आपण त्यास 'परमग्न' म्हणू. हे वाचून आम्ही प्रथम हसलो आणि मग ओशाळलो, कारण आरसा अगदीच खोटा नव्हता.

परंतु थट्टा थट्टेच्या ठिकाणी राहत नाही. लक्षणांची ती यादी तोंडोतोंडी फिरली, की तिचा सिद्धांत होतो : ही माणसे खोटी, कळपात चालणारी, वरवरच्या भावनांची. स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली असे मांडले, की न समजणे हे एकाच बाजूचे नसून दोन्ही बाजूंचे असते. २०२० साली एडिंबरोच्या संशोधकांनी आठ-आठ जणांच्या साखळ्यांतून एक गोष्ट कानोकानी पुढे पाठविली. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत ती इतरांइतकीच नीट पोहोचली. मिश्र साखळीत ती अधिक गळाली. हा प्रयोग स्वमग्नांच्या कैवाराने वारंवार सांगितला जातो, आणि ते रास्तच आहे. पण २०२५ साली हाच प्रयोग अधिक माणसांवर केला, तेव्हा मिश्र साखळ्याही मागे पडल्या नाहीत. म्हणजे ज्या भिंतीवर दोन्हीकडून शिक्के मारले जात होते, ती भिंतही वाटते तेवढी पक्की नसावी.

येथे कोणी म्हणेल, दोघेही नावे ठेवतात, तेव्हा फिटंफाट झाली. हे आम्हांस मान्य नाही. आपल्या शिक्क्याने शाळेचा दरवाजा बंद होतो, बहिणीचे लग्न मोडते. त्यांच्या शिक्क्याने फार तर आपली झोप बिघडते. भार सारखा नाही. प्रश्न निराळा आहे : दुबळ्याने मारलेला दगड नेमका कोणाला लागतो?

कीर्तनातील अष्टावक्राची गोष्ट वाचकांच्या परिचयाची आहे. वनपर्वात त्याचा बंदीशी झालेला वाद आहे. पण कीर्तनकार रंगवितात तो सभेचा हशा. वाकडे शरीर पाहून पंडित हसले, तेव्हा अष्टावक्रही हसला आणि म्हणाला, जनका, ही तर चर्मकारांची सभा आहे. यांना कातडेच दिसते. श्रोते येथे टाळ्या देतात. आम्हीही देत आलो. परंतु चामड्याचे काम करून पोट भरणारा जो माणूस त्या सभेत नव्हताच, त्याचे नाव येथे शिवी म्हणून वापरले गेले, हे ध्यानात यावयास आम्हांस पन्नाशी उलटावी लागली. पंडितांना उद्देशून टाकलेला शब्द सभेबाहेरच्या माणसाला लागला.

आमच्या प्रसंगात ती सभेबाहेरची व्यक्ती म्हणजे त्या मुलाची आई. कॅनर यांनीच अशा मुलांच्या आईबापांच्या थंडपणाविषयी लिहिले होते, आणि १९६७ साली ब्रूनो बेटेलहाइम यांच्या ग्रंथाने तो आरोप घरोघर पोहोचविला. वस्तुतः त्याआधीच, १९६४ साली, स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलंड यांनी तो खोडून काढला होता. तरीही आईला बोल लागलाच. वैद्यकाने जिला 'थंड' म्हटले, तिलाच आता मुलाच्या शब्दकोशात 'साधारण', म्हणजे खोटी, हे नाव. जी बाई वीस वर्षे त्याच्याशी नेमके आणि शब्दशः बोलावयास शिकली, ती!

आणि वडील? त्यांना रोज त्याच वेळी, त्याच ताटात जेवण लागते. लग्नकार्याला ते जात नाहीत. रेल्वेचे वेळापत्रक त्यांना तोंडपाठ आहे. त्यांना कोणी कधी तपासले नाही. आपल्या देशात स्वमग्नतेच्या दाखल्यासाठी चाळीस प्रश्नांची मोजपट्टी आहे. प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० झाली की माणूस स्वमग्न. ६९ झाली तर साधारण. आणि चाळिसाच्या खाली कोणीच जाऊ शकत नाही. हा केवळ गणिताचा भाग आहे, हे आम्ही जाणतो. तरीही शून्य नसलेली ही पट्टी आम्हांस आवडते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून आम्ही नागपुरास हिंदीवाले आणि जबलपुरास मराठे ठरतो. रेषा कोठून जाते आणि माणूस कोठे असतो, याचा अनुभव आम्हांस थोडाफार आहे.

गेल्या एकादशीस तो मुलगा पुन्हा वडाखाली भेटला. आम्ही म्हणालो, "रविवारी संध्याकाळी पाच वाजता घरी ये." त्याने विचारले, "खरेच ना?" उत्तर देण्यापूर्वी आम्हांस क्षणभर थांबून स्वतःलाच विचारावे लागले. मग "हो" म्हणालो. "किती वाजेपर्यंत?" सहापर्यंत, असे सांगितले. तो पाचला आला. वैनगंगेवरच्या पुलाविषयी पुष्कळ बोलला. सहाला उठला, तेव्हा आमचे वाक्य अर्धेच झाले होते.