कोंडलेली हवा आणि शून्यता

जुन्या ओम्नीचं कूलंट बदललं की आत हवा अडकते. इंजिन थंड असताना मी गाडीचं नाक चढावर ठेवतो, रेडिएटरचं झाकण काढून इंजिन सुरू करतो. थर्मोस्टॅट उघडला की बुडबुडे येतात, पातळी उतरते, मी भर घालतो. हवा राहिली तर तिथला धातू तापतो आणि हेड गॅस्केट जातं. औरंगाबादला पाणी आणणाऱ्या मलिक अंबरच्या 17व्या शतकातल्या नहरीवरही हवा सुटावी म्हणून उंच मनोरे होते.

‘रिकामे व्हा’ असं प्रवचनांत ऐकत आलोय. पण रिकामी वाटणारी ही कोंडलेली हवाच जागा अडवते, पाण्याला उष्णतेपर्यंत पोचू देत नाही. अलिप्ततेचा हट्ट मला असाच वाटतो. माणूस शांत दिसतो, पण शेजारच्याचं दुःख त्याला शिवतच नाही. शून्यता चुकीची धरली तर ती घात करते, असं बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनानं ‘मूलमध्यमककारिके’त बजावलंय. त्याच्या लेखी शून्य म्हणजे अभाव नव्हे. काहीच स्वयंभू नाही, सारं एकमेकांवर टेकलेलं आहे. हे खरं मानलं, तर घरदार सोडून गेलेल्यापेक्षा घाटी रुग्णालयाच्या वॉर्डात परक्या रुग्णाशेजारी रात्र जागणारा मला शून्यतेच्या जास्त जवळ वाटतो.