तापमापकाची जागा

मनुष्यास स्वतःचा जीव धोक्यांत घालण्याचा अधिकार आहे काय, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या चर्चेंत बहुधा गिर्यारोहकाच्या किंवा सर्कशींतील कसरतपटूच्या उदाहरणानें मांडला जातो. आम्हांस तो येथें एका निराळ्या मनुष्याच्या संबंधानें मांडावयाचा आहे. घरच्या आवारांत स्वहस्तें विमान बांधून त्यास मोटारीचें इंजिन बसविणारा हौशी कारागीर, तो हा मनुष्य. तो काल्पनिक नव्हे. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत, चेरी ग्रोव्ह नांवाच्या लहानशा गांवीं, बर्नार्ड पीटनपोल यानें १९२९ सालीं फोर्डच्या ‘मॉडेल ए’ मोटारीचें ४० अश्वशक्तीचें इंजिन आपल्या लांकडी विमानास बसवून तें आकाशांत नेलें. दुसऱ्या महायुद्धानंतर फोक्सवॅगनच्या, हवेनें थंड होणाऱ्या इंजिनावर अशीं किती तरी विमानें उडालीं.

या कारागिराचा खरा शत्रु वारा नव्हे, उष्णता. मोटारीचें इंजिन सपाट रस्त्यावर आपल्या शक्तीचा थोडासाच भाग खर्च करतें. चढावावर क्षणभर जोर लावतें आणि पुनः विसावतें. विमानांत त्याच इंजिनानें तासन् तास शेंकडा ७५ च्या आसपास शक्ति द्यावी अशी अपेक्षा असते. पेट्रोलांतील उष्णतेपैकीं चतुर्थांश ते तृतीयांशच कामीं येते. बाकीची कोठें तरी बाहेर घालविली पाहिजे. फोक्सवॅगनच्या मोटारींत त्यासाठीं पंखा असतो. विमानांत तो बहुधा काढून टाकतात व समोरून येणाऱ्या वाऱ्यावर भिस्त ठेवतात. पुढचें तोंड मोठें केलें म्हणजे काम झालें, असें नवशिक्यास वाटतें; परंतु बाहेर पडण्याची वाट अरुंद असेल तर हवा आंत शिरतच नाहीं, आणि सिलिंडरांभोंवतींच्या पत्र्यांत बोटभर फट राहिली तर दाट पात्यांमधून वाट काढण्याऐवजीं ती त्या फटींतूनच निघून जाते. (सोपी वाट सांपडली असतां ती सोडणारे आम्हीं माणसांतही फारसे पाहिले नाहींत.) त्यांतून वर चढतांना शक्ति पूर्ण लागते आणि वेग सर्वांत कमी असतो; म्हणजे वाऱ्याची गरज जेव्हां सर्वाधिक, तेव्हांच तो अपुरा! मग नाक थोडें खालीं करावें, सावकाश चढावें, किंवा मिश्रणांत पेट्रोल किंचित् अधिक सोडावें. काटकसर म्हणून पूर्ण शक्तीवर मिश्रण विरळ ठेवलें, किंवा ठिणगी फार आधीं पडूं दिली, तर सिलिंडरांचीं डोकीं तापतात, ‘नॉकिंग’ सुरू होतें आणि पिस्टन वितळण्यापर्यंत पाळी येते.

आतां आमचा प्रश्न. सिलिंडर चार असतात आणि ते सारखे तापत नाहींत. खर्च वांचविण्यासाठीं कारागीर एकच तापमापक घेतो. तो त्यानें कोणत्या सिलिंडरावर बसवावा? सर्वांत थंड सिलिंडरावर बसविला, तर सुई सदैव सुखरूप जागीं राहील. सुई खोटें बोलली नाहीं, कारागीरही बोलला नाहीं. आणि तरीही तेथें एक असत्य जन्मास आलें. असत्यास दोन माणसें लागतात, एक बोलणारा व एक ऐकणारा, हें नेहमींचें मत आम्हांस अपुरें वाटतें. साक्षीदार कोठें उभा करावयाचा हें ज्याच्या हातीं आहे, त्यास स्वतःची फसवणूक करण्यास शब्दांची गरज पडत नाहीं.

याहून सूक्ष्म प्रकार संशयाचा. सुई मर्यादेपलीकडे गेली कीं वर्षानुवर्षें खपलेला कारागीर म्हणतो, “मापकच बिघडला असावा.” हें म्हणणें नेहमींच खोटें असतें असें नाहीं; मापक खरोखरच चुकतात, आणि समुद्रसपाटीस उकळत्या पाण्यांत तो बुडवून १०० अंश दाखवितो कीं नाहीं, हें पाहण्याची युक्ति साधी आहे. आमचा आक्षेप इतकाच कीं, सुई खालीं असतांना त्यास ही युक्ति कां आठवूं नये? जो संशय केवळ अप्रिय उत्तरावरच घेतला जातो, त्यास चिकित्सा म्हणण्यास आम्ही तयार नाहीं.

कोणी म्हणेल, जीव त्याचा आहे, त्याचें तो पाहील. पण बहुतेक अशा विमानांत दुसरी बैठक असते. अमेरिकेच्या नियमांनीं अशा विमानावर तें प्रायोगिक असल्याची पाटी लावावी लागते, पहिलीं उड्डाणें (सामान्यतः २५ किंवा ४० तासांचीं) दाट वस्तीपासून दूर व उतारूवांचून करावीं लागतात, आणि पुढें उतारूस तसें सांगावेंही लागतें. सांगितलें, त्यानें मानलें, जबाबदारी संपली! आम्हांस तसें वाटत नाहीं. मित्र बैठकींत चढतो तो पाटी वाचून नव्हे, कारागिराच्या चेहऱ्यावरील विश्वास पाहून. त्यास सांगावयाचें तें हें कीं, गेल्या आठवड्यांत चढतांना तिसऱ्या सिलिंडराची सुई मर्यादा ओलांडून गेली होती. ज्यानें मापक थंड जागीं बसविला, तो हें इच्छा असूनही सांगूं शकत नाहीं, कारण त्यास तें ठाऊकच नाहीं. उतारूचा अपराध त्यानें उतारू येण्यापूर्वींच, एकट्यानें, पान्हा हातांत असतांना करून ठेविला आहे. स्वतःच्या जिवावरील त्याचा हक्क आम्ही मान्य करतों. पण धोका किती हें जाणण्याचें ज्यानें टाळलें, त्यानें तो हक्क बजावला असें कसें म्हणावें?

इतका कडक हिशेब ठेवला असता तर कोणी उडालेंच नसतें, असें आमचे एक स्नेही म्हणतात. त्यांना आम्ही राइट बंधूंचें इंजिन दाखवितों. १९०३ सालीं तें घरच्याच कारखान्यांत तयार झालें. सुरू होतांच कांहीं क्षण तें जवळ जवळ १६ अश्वशक्ति देई, आणि मिनिटाभरांत ती १२ वर उतरे. ऑर्व्हिलनें हें पुढें स्वतःच लिहिलें आहे. त्या शक्तीच्या आधारें चालकासह विमानाचें वजन ५५० पौंडांवरून ७५० ते ८०० पौंडांपर्यंत वाढूं देण्यास हरकत नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. तो हिशेब त्यांनीं १२ वर केला, १६ वर नव्हे.