तक्रारीची वेळ

सज्जनहो, सुट्टी लागली की माणसे प्रवासाला निघतात. कोणी कोकणात, कोणी काशीला, कोणी मुलाबाळांसह पंढरीला. जावे, त्यात दोष काही नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी आहाराबरोबर विहारही युक्त असावा असे सांगितले आहे; विहार टाका असे सांगितलेले नाही. पण आम्ही विहाराला निघतो ते घरची धुसफूस गाठोड्यात बांधूनच. गाडी उशिरा आली, धुसफूस. चहा गार मिळाला, धुसफूस. आणि परत आल्यावर म्हणायचं, "प्रवासानं फार शीण आला हो!" शीण प्रवासाचा नव्हे बरं का. दिवसभर मनात जो कज्जा चालवला, त्याचा.

दुसऱ्याचे कशाला, माझेच सांगतो. 2019 सालच्या मे महिन्यात मुलगा, सून, सात वर्षांची नात आणि आम्ही उभयता पंढरपुरास गेलो. उतरण्यासाठी एके ठिकाणी खोली सांगून ठेवली होती. जाऊन पाहतो तो ती दुसऱ्यालाच दिलेली! झाले, माझा पारा चढला. दुसरी जागा तासाभरात मिळाली, ती पहिलीपेक्षा हवेशीरही होती. पण माझे समाधान होईना. दर्शनबारीत उभे राहिल्यावरही तोंडाचा पट्टा चालूच. सौभाग्यवती एकदा हळूच म्हणाली, "अहो, आता नाव घ्या की." तर तिच्यावरच खेकसलो. लोक वळून पाहू लागले. ती गप्प झाली. चाळीस वर्षे मी कीर्तनात शांतीचे निरूपण करतो, हे त्या लोकांना ठाऊक नव्हते, एवढीच लाज राहिली!

विठोबाच्या पायांवर डोके ठेवून बाहेर आलो. नातीने विचारले, "आजोबा, आज देवाला कसला हार होता?" मला सांगता येईना. डोळ्यांपुढे आणून पाहिले, तर विटेवरची मूर्ती नाहीच, त्या खोलीवाल्याचा चेहरा!

आता पाहा, लहानपणी पाठशाळेत स्थितप्रज्ञाची लक्षणे घोकताना मला एक कोडे पडे. अर्जुन विचारतो, असा पुरुष बोलतो कसा, बसतो कसा. हे ठीक. पण चालतो कसा, हे कशाला विचारायचे? तिथे व्रज् धातू योजला आहे. परिव्राजक हा शब्द त्याच धातूपासून होतो. चालण्यात काय पाहायचे? तर तेच पाहायचे. घरच्या गादीवर कोणीही शांत बसेल. घर सुटले, नेहमीचे ताट सुटले, रांगेत मागून धक्का बसला, म्हणजे मग खरी परीक्षा. त्याच प्रकरणात भगवंतांनी नाशाची उतरंड सांगितली आहे. विषयाचे चिंतन, त्यातून संग, संगातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून मोह, आणि मग स्मृती जाते. मी खोलीचे चिंतन केले आणि देवाचा हार विसरलो. पायरी न् पायरी जुळते.

मग तक्रार असेल तर गिळावी काय? नाही. गिळलेली तक्रार रात्री पुन्हा वर येते. आमच्या वारीत याची सोय फार शहाणपणाने केलेली आहे. माउलींच्या पालखीबरोबर चाललेल्यांना समाजआरती ठाऊक आहे. मुक्कामी दिंड्या तंबूभोवती उभ्या राहतात, टाळमृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार चोप उंच करतात, की सगळे एकदम शांत! मात्र ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल, ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो. हरवले-सापडले पुकारतात, उद्याची वेळ सांगतात, आणि आरती. म्हणजे गाऱ्हाण्याला मान आहे, जागा आहे, पण वेळ संध्याकाळची. दिवसभर वाटेवर भजन. आणि अनुभव असा, की सकाळी पाण्याच्या टँकरापाशी झालेली बाचाबाची संध्याकाळपर्यंत टिकतच नाही. विसाव्याला भाकरी पोटात गेली, पाय पसरले, की निम्मी भांडणे तिथेच मिटतात. भुकेल्या माणसाशी वाद घालूच नये.

मार्च 2020 मध्ये महामारीमुळे मंदिर बंद झाले. 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. 2021 मध्येच सौभाग्यवती निवर्तली. तेव्हा 2019 चे ते दर्शन तिचे शेवटचे ठरले, आणि त्या रांगेत मी तिला गप्प केले होते. तिने मात्र हार पाहिला होता. तुळशीचा होता, मध्ये झेंडू, असे तिनेच नातीला सांगितले.

2022 च्या मे महिन्यात मुलाने आम्हांला गणपतीपुळ्यास नेले. निघतानाच मी सांगितले, "दिवसा कोणी कुरकुर करायची नाही. रात्री जेवणाआधी समाजआरती, तेव्हा काय ते बोला." पहिल्या दिवशी गाडीचा पट्टा तुटला, ऊन तर मी म्हणत होते. रात्री ताटे मांडली, मी हात वर केला. सगळे शांत. मुलगा म्हणाला, "माझं काही नाही." सून हसली. तेवढ्यात नात चमच्याने ताट वाजवू लागली, थांबेचना. तिच्याजवळ गेलो, म्हटलं, "बोला, काय गाऱ्हाणं?"

"आजोबा, तुम्ही फार भरभर चालता. मला शिंपले वेचू देत नाही."